‘घे’ म्हणेपर्यंत

ऐन दुपारची वेळ, चैत्राचं ऊन मागच्या अंगणातल्या फरशीवर पांढरंफटक पडलेलं, आणि भिंतीपाशी एक लहानसं बदामी कुत्रं बसलेलं — पुढचे पाय जुळवून, शेपटी जमिनीला टेकवून, मान उंच करून वर बघत. समोर कुणीही नाही. नुसती भिंत, भिंतीवर ठेवलेली पत्रावळ, तिच्यातून येणारा कलेजीचा वास, आणि पलीकडे रुळांवर हलणारी उन्हाची झळ... मग त्याचे कान किंचित मागे जातात, कुणी परवानगी दिल्यावर जायचे तसे, आणि ते पुढे होऊन हवेतून काहीतरी अलगद तोंडात घेतं. चावतं. गिळतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे पाहिलं तेव्हा मी चौथीत होते, आणि आजही दुपारी घरात एकटी असले की खिडकीकडे पाठ करून बसत नाही.

आमचं घर मुकुंदवाडीत, स्टेशनाजवळच्या गल्लीत, रुळांना अगदी पाठ लावून होतं. गाडी येणार असली की आधी मांडणीवरची भांडी किणकिणायची, मग पायाखालची फरशी, आणि मग कुठे शिट्टी ऐकू यायची. मागच्या भिंतीला एके ठिकाणी विटा निसटून भगदाड पडलं होतं. ते बुजवायचं वडील दर दिवाळीला ठरवत आणि दर दिवाळीला राहून जाई. त्या घरात शकूआत्या आली, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, आजारात गेले, पोटी मूल नव्हतं, दिरांनी शेत ठेवून घेतलं आणि कुत्रं तेवढं ‘घेऊन जा’ म्हणाले. गंगापूरहून जीपमधून ती उतरली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक होती आणि कापडी पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेला जिऱ्या. त्याचं नाव आतोबांनीच ठेवलेलं, जिऱ्याएवढं पिल्लू म्हणून. ते स्वतः मात्र ताडमाड. आमच्याकडे यायचे तेव्हा चौकटीखाली वाकूनही कपाळ आपटून घ्यायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

आतोबांनी जिऱ्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती. मुठीत खाऊ धरायचा, जिऱ्याने बसायचं, मुठीकडे नाही तर माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं, आणि ‘घे’ म्हटल्याशिवाय तोंड पुढे करायचं नाही. समोर काही का पडलेलं असेना, तो थांबायचा. पण ‘ये’ म्हटल्यावर यायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण शेतात तो सारखा आतोबांच्या पायांत असे, हाक मारायची वेळच येत नसे. इथे मात्र भिंतीला भगदाड, आणि भगदाडापलीकडे रेल्वे. ‘हे गेलं तर माझं म्हणायला काय राहिलं?’ असं आत्या एकदाच म्हणाली, भाकरी थापता थापता, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने जिऱ्याला ‘ये’ शिकवायला घेतलं.

सुरुवात झाली ग्लुकोजच्या बिस्किटांनी. जिऱ्या बिस्किटासाठी धावत यायचा खरा, पण महिन्याभरात तो गोलमटोल झाला, अंग खाजवून खाजवून पाठीचे केस गेले, आणि आत्या त्याला पिशवीत घालून क्रांती चौकाजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही सोबत होते. डॉक्टर तिच्यावर चिडलेच. साखर नको, मीठ नको, कांदा-लसूण तर त्याच्यासाठी विषच, म्हणाले. एवढ्याशा जिवाचं पोट ते केवढं, बक्षिसाचा तुकडा तुरीच्या डाळीएवढा पुरे, आणि जेवढं बक्षिसात गेलं तेवढं जेवणातून कमी करायचं. त्याला हवाय तो वास, आकार नाही, हे त्यांचं वाक्य आत्याने घरी येईपर्यंत घोकलं.

मग आमच्या स्वयंपाकघरात काय काय शिजलं! गाजराच्या चकत्या जिऱ्याने फरशीवर लोळवून खेळून टाकल्या. उकडलेला भोपळा त्याला आवडायचा, पण पोट भरलेलं नसेल तेव्हाच. फुटाण्याची डाळ तो खायचा नि उपकार केल्यासारखा निघून जायचा. गल्लीतून दुसरं कुत्रं गेलं की फुटाणे कुणाला आठवतात? शेवटी आत्याने बकऱ्याची कलेजी आणली, नुसत्या पाण्यात उकडली, बारीक कातरली आणि मंद तव्यावर कोरडी केली. तो गोडसर, लोखंडी वास घरभर पसरला आणि जिऱ्या वेडाच झाला. कलेजी रोज जास्त द्यायची नसते, म्हणून ती फक्त ‘ये’साठी राखून ठेवलेली, बाकी ‘बस’, ‘थांब’ वगैरे किरकोळ कामं भोपळ्यावर भागायची. पंधरवड्यात जिऱ्या अशा वेगाने येऊ लागला की फरशीवर घसरत घसरत आत्याच्या पायांवर आदळायचा. आत्या हसली. आतोबा गेल्यानंतर मी तिला प्रथमच हसताना बघत होते, आणि मला इतका आनंद झाला की मीही उगाचच अंगणभर पळाले.

कलेजी आतोबांनाही फार आवडायची. म्हणून आत्या दर अमावास्येला त्यांच्यासाठी झणझणीत कलेजी करून पान वाढायची आणि ते मागच्या भिंतीवर कावळ्यासाठी ठेवायची. पितरांना कुणी मटण ठेवतं का म्हणून बायका नावं ठेवत, पण तिचं म्हणणं, त्यांना खीर कधी आवडलीच नाही तर आता कशी आवडेल? चैत्रातल्या अमावास्येला तिने दोघांची कलेजी एकाच पातेल्यात टाकली. जिऱ्याची बिनमिठाची, बिनलसणाची हवी, म्हणून मसाला घालायच्या आधीच तिने त्याचे तुकडे काढून घेतले आणि ‘ये’ म्हणून अंगणात त्याला भरवले. मग फोडणी, मग मसाला, आणि मग आतोबांचं पान. आईच्या ते उशिरा लक्षात आलं.

‘वन्सं, पान आधी काढलं होतं ना?’

‘नाय. मसाला पडायच्या आधी जिऱ्याचं काढावं लागतं की. डॉक्टर म्हणले ना.’

‘अहो, पण त्यांच्याआधी कुणी खाल्लं, तर...’ आईने वाक्य पुरं केलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं पान वाढल्याशिवाय भांड्यातला कणही कुणी तोंडात घालत नाही, हे आत्याला काय कुणी सांगायला हवं होतं? पण डॉक्टरांचं ऐकण्याच्या नादात ते तिच्याकडून राहून गेलं. त्या दिवशी कावळा आलाच नाही. आणि दुपारी मी खिडकीतून जिऱ्याला पाहिलं.

मी धावत जाऊन आत्याला सांगितलं. तिला वाटलं, माशी पकडली असेल. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, तिसऱ्या दुपारीही, पत्रावळ उचलून टाकल्यावरसुद्धा. तेव्हा तिने मला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, ‘वर म्हंजे किती वर बघतंय गं ते?’

मी हात उंच केला. तिने मान हलवली. मग मी टाचा उंचावल्या, तरी पुरेना, म्हणून चौकटीच्या वरच्या लाकडाकडे बोट दाखवलं. आत्या त्या लाकडाकडे बघत राहिली. 

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘तेवढंच.’

त्यानंतर घरात एक विचित्र चढाओढ सुरू झाली, आणि ती कुणाविरुद्ध आहे हे कुणी बोलत नसे. आत्याने अंड्याचा पांढरा भाग उकडून दिला, घरी दूध नासवून पनीर केलं, सुकट चार पाण्यांतून धुऊन मीठ घालवून भाजली, कोंबडीचा पाव किलो मांसल भाग आणून त्याचे डाळीएवढे तुकडे केले. वडिलांनी एकदाचं भगदाडाला पत्रा ठोकला. जिऱ्याने त्याखालून माती उकरली. तो आत्याचं सगळं खायचा, अगदी सभ्यपणे, तिच्या डोळ्यांत बघून, ‘घे’ म्हटल्यावरच. पण ऊन डोक्यावर आलं की हातातला तुकडा तसाच टाकून भिंतीकडे जायचा. आत्या त्याला मांडीवर दाबून धरायची तेव्हा तो धडपडत नसे, नुसता कान टवकारून असे, आणि मग आम्हीही कान देऊन बसायचो... काही ऐकू यायचं नाही. ते काहीही ऐकू न येणंच मला सगळ्यांत भयंकर वाटायचं. आत्या एकदा भिंतीकडे बघून चक्क भांडली. ‘तुमाला तिथं काय कमी हाय? माझं एवढं एक कामून नेता?’ शेवटी आई तिला धरून आत घेऊन गेली.

वैशाखात एका दुपारी आम्ही जेवत असताना मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आत्याने मान वळवली. जिऱ्या जागेवर नव्हता. ती खरकट्या हातानेच उठली, जाताना कलेजीचा डबा घेतला, आणि आम्ही दोघी भिंतीपाशी पोचलो तेव्हा तो रुळांच्या पलीकडे बाभळीखाली बसला होता, वर बघत. ‘जिऱ्या, ये!’ आत्याने डबा खडखडवला. तो वळला. खरंच वळला, आणि आला, रूळ ओलांडून अर्ध्या वाटेपर्यंत, जीभ बाहेर, कान उडत, नेहमीसारखा. शिट्टी झाली. ‘ये, माझ्या सोन्या, ये!’ आणि तेवढ्यात तो थबकला. मागून कुणी हाक मारल्यावर माणूस थबकतं तसा. त्याने आत्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि परत पलीकडे पळाला. मधून गाडी गेली, लांबलचक, डब्यांमागून डबे. ती गेली तेव्हा बाभळीखाली कुणी नव्हतं.

रुळांवर रक्ताचा थेंब नव्हता. वडील पार चिकलठाण्यापर्यंत विचारत गेले. जिऱ्या कुणालाच दिसला नाही, तेव्हाही आणि पुढेही.

ते घर आम्ही केव्हाच सोडलं. आत्या आता म्हातारी झाली आहे, माझ्याकडे सिडकोतल्या फ्लॅटमध्ये असते, आणि अजून अमावास्येला कलेजी करते. आता दोन भांडी असतात. आतोबांचं पान सगळ्यांत आधी गॅलरीच्या कठड्यावर जातं, आणि शेजारी एका वाटीत बिनमिठाचे, तव्यावर कोरडे केलेले डाळीएवढे तुकडे. कावळे येतात, पान चाटूनपुसून फस्त करतात. वाटीला मात्र चोच लावत नाहीत, मुंगीही लागत नाही. मी शिकलेली बाई आहे, मसाला नसतो म्हणून असेल असं स्वतःला समजावते, आणि खोटं कशाला सांगू, त्या वाटीकडे बघायची मला भीती वाटते. आत्या मात्र तिच्याजवळ खुर्ची ओढून बसते आणि दुपार कलेपर्यंत खाली फरशीकडे इतक्या मायेने बघत राहते की तिला उठवायचं धैर्य होत नाही.

गेल्या अमावास्येला माझी लेक तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. वाटीतले तुकडे तसेच होते. ‘आत्याआजी,’ ती म्हणाली, ‘त्याला ‘घे’ म्हण ना. भूक लागली असेल त्याला.’

आत्याने मान हलवली.

‘नाय म्हणायचं, बाळा. म्हणलं की खाईल, अन् खाल्लं की जाईल त्यांच्याकडं. बसू दे जरा.’