साडेदहाची खरखर

नांदेडच्या आयटीआयमध्ये मी रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला. वर्गात मुलगी मी एकटीच. पास झाल्यावर तीन दुकानांत काम मागायला गेले. तिघांनीही माझं सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि तिघांनीही एकच प्रश्न विचारला, "गिऱ्हाईक काय म्हणंल?" त्यातल्या एकाला व्हॉल्यूम कंट्रोल बदलताना मी स्वतः बघितलं होतं. सोल्डरिंगचा डाग कसा देतात हेसुद्धा त्या माणसाला कळत नव्हतं. पण दुकान त्याचं होतं.

म्हणून लातूरच्या एका मूकबधिर शाळेत यंत्र सांभाळायला माणूस पाहिजे असं कळल्यावर मी दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरली. मुख्याध्यापकांनी मुलाखत घेतली. माझं आडनाव त्यांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदाच त्यांना स्पष्ट ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाले, "ठीक आहे, यंत्राला काय, कुणीही चालतं." ही नेमणूक झाली.

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि गावात ऑफिसं जागेच्या शोधात फिरत होती. कुणी धर्मशाळेत, कुणी कुणाच्या माडीवर. पाट्या रंगवणाऱ्याला जेवायला फुरसत नव्हती. त्यातच सलग दुसरं वर्ष पावसानं दगा दिलेला. आमची शाळा एका डाळीच्या जुन्या गोदामात भरायची. त्याच गोदामाच्या माडीवर एका खात्यानं टँकर सोडायचं ऑफिस थाटलं. खातं कोणतं ते सांगत नाही. अशी ऑफिसं तेव्हा गल्लोगल्ली होती. खेड्यांत कुठला टँकर पोचला, कुठला अडकला, हे विचारायला त्यांनी एक वायरलेस सेट आणला आणि गच्चीवर लोखंडी पाईप उभा करून एरियल चढवलं. त्या दिवशी शिडी धरून कोण उभं होतं? आमचे मुख्याध्यापक. वरच्या साहेबांची शाळेच्या नव्या इमारतीसाठी शिफारस मिळावी म्हणून शर्टाच्या बाह्या दुमडून उभे होते आणि "जपून हां, जपून" म्हणत होते. मुलांच्या बाकाला कधी हात न लावणारा माणूस.

आता यंत्राबद्दल. सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, टेबलावर एक माईक, त्याला जोडलेला अँप्लिफायर, आणि तिथून भिंतीच्या कडेनं खिळे मारत नेलेली वायर. प्रत्येक बाकावर एक डबी, डबीला आवाज कमीजास्त करायचं बटण आणि हेडफोन. ज्या मुलांच्या कानात थोडं तरी ऐकणं शिल्लक होतं, त्यांना मोठ्या आवाजात शब्द ऐकवून बोलायला शिकवायचं, असा हेतू. बोलण्याचा तास सर स्वतः घ्यायचे, सकाळी दहा ते अकरा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुलं हेडफोन काढून फेकायला लागली. रोज साधारण साडेदहाला. आधी एक, मग दुसरं, मग रांगच. सर पट्टी घेऊन फिरायचे. "मस्ती आलीय. ऐकायचा आळस." हे सरांचं निदान. मला म्हणाले, "तुम्ही तंत्रज्ञ ना? हेडफोन निघणार नाहीत असं काहीतरी करा."

आणि मी केलं. बाजारातून लाल रिबीन आणली आणि मुलांच्या हनुवटीखाली हेडफोन बांधून टाकले. यंत्र मी रोज सकाळी नऊला तपासत होते, तेव्हा ते व्यवस्थित चालायचं. त्यामुळे दोष मुलांचाच, हे मीही धरून चालले. त्या सरांना मी मनातल्या मनात काय काय म्हणायचे, पण गाठ मारणारे हात माझे होते. लातूरजवळच्या मुरुडची एक आठ वर्षांची पोरगी होती, आठवडाभर गावात मावशीकडे राहायची आणि शनिवारी घरी जायची; तिच्या गाठीला मी दुहेरी फास दिला, कारण ती साधी गाठ सोडायची.

मध्ये यंत्राच्या कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून आला. इस्त्रीची पँट, हातात कातडी बॅग. दुपारी तीनला आला, मुलं घरी गेल्यावर. मीटर लावला, माईकमध्ये 'वन टू थ्री' म्हणाला, मान डोलावली. मी म्हणाले, "सकाळी मुलं असताना बघता का?"

तो हसला. "मॅडम, मुलं बहिरी आहेत. त्यांचं ऐकून मी मशीन तपासू?"

"त्यांच्यासाठीच आहे की मशीन."

"सेट ओके आहे," त्यानं कागदावर लिहिलं, सरांच्या घरचा चहा घेतला आणि संध्याकाळची गाडी पकडली. एवढं लांबून येऊन त्या माणसानं मुलांच्या बाकावर बसून हेडफोनला कान लावला नाही. तो फक्त सरांच्या खुर्चीत बसला.

मुरुडच्या पोरीचं आणखी एक खूळ होतं. सर तोंड मोठं करून म्हणायचे, "आई." ती म्हणायची, "आई, ओवर." सर म्हणायचे, "पाणी." ती म्हणायची, "पानी, ओवर." सरांना वाटायचं ती 'वर' म्हणतेय. ते छताकडे बोट दाखवून ओरडायचे, "वर काय आहे? वर काय आहे?" आणि हातावर पट्टी. ती पट्टी खायची आणि पुन्हा म्हणायची. एवढा वेळ वर्गाच्या दारात उभी असलेली मी, रेडिओ मेकॅनिक, काय करत होते? रिबिनीच्या गाठी बघत होते.

एका सकाळी तिनं गाठ सुटत नाही म्हणून हेडफोनची एक बाजू ओढून धरली आणि ती माझ्याकडे केली. रडत नव्हती. रागानं बघत होती, जसं एखाद्या मठ्ठ माणसाला तिसऱ्यांदा सांगताना बघतात. मी वाकले आणि कान लावला.

"चार नंबर, चार नंबर, कुठं मेलास रे भाड्या? गावात पोचलास का न्हाई? ओव्हर."

इतक्या जोरात, की मी मागे सरले. माईक बंद केला, आवाज तसाच. अँप्लिफायरपासून भिंतीची वायर काढली, आवाज गेला. पुन्हा जोडली, परत टँकर. भिंतीवरून खिडकीपर्यंत गेलेली ती लांबलचक वायर गच्चीवरच्या एरियलचं सगळं पकडत होती आणि आमचं यंत्र ते मोठं करून मुलांच्या कानात ओतत होतं. माडीवरचा वायरलेस सेट नव्या पद्धतीचा असता तर नुसती टकटक आली असती. पण जिल्ह्याची वाटणी झाल्यावर अशा ऑफिसांच्या पदरात जुनाट सामान पडलं होतं, तसाच हा जुना सेट. त्यामुळे शब्दांसकट आवाज येत होता. आणि टँकर साडेदहाला सुटत होते.

मी सगळ्या रिबिनी सोडल्या. सर म्हणाले, "हे काय चाललंय?" मी हेडफोन त्यांच्या कानाला लावायला गेले तर त्यांनी डोकं मागं घेतलं. मुलांच्या कानाला लागलेली वस्तू होती ना ती.

मधल्या सुट्टीत मी माडीवर गेले. वायरलेसवर बसणारे ऑपरेटर उदगीरकडचे, पन्नाशीचे गृहस्थ होते. मी सांगितलं ते त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

"म्हंजी बाई, माझा आवाज खाली लेकरांच्या कानात जायलाय?"

"हो काका. रोज."

त्यांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "आन् मी ड्रायव्हर लोकांना लई शिव्या देतो की हो."

त्या इमारतीत शरमलेला हा एकच माणूस मला भेटला. आम्ही ठरवलं, बारा वाजून दहा मिनिटांनी ते थोडं थोडं थांबून पाच वेळा बोलतील. मी खाली येऊन सरांना बसवलं, माईकची वायर काढून त्यांच्या हातात दिली आणि मुरुडच्या पोरीला खुणेनं सांगितलं, आवाज आला की हात वर कर. ती भिंतीकडे तोंड करून बसली. पाच वेळा तिचा हात वर गेला. मी दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होते. एकदाही चुकली नाही.

सर म्हणाले, "योगायोग असू शकतो."

"पाच वेळा?"

"हे बघा, तुम्ही नवीन आहात. वरच्या साहेबांचे आपल्यावर उपकार व्हायचे आहेत. उगीच वायरीबियरीचं काढू नका."

सर जाणार नाहीत हे कळल्यावर मी स्वतः साहेबांकडे गेले. त्यांनी माझं बोलणं मध्येच थांबवलं आणि शेजारच्या कारकुनाला हाक मारली. "अहो, हे ऐका. बहिऱ्या पोरांना म्हणे आमच्या आवाजाचा त्रास होतो!" कारकून साहेबांपेक्षा जास्त हसला, त्याची नोकरी त्यासाठीच असावी. साहेब म्हणाले, "फुकट ऐकायला मिळतंय, आनंद माना की." दुष्काळात माणसं पाण्यासाठी मरत असताना एरियल हलवा म्हणणारी मी कोण, असंही विचारलं. एरियल त्याच गल्लीत दुसऱ्या छतावर नेलं असतं तर एक घागर पाणी कमी झालं नसतं. पण साहेबांना दुष्काळ फार सोयीचा पडत होता, कुठल्याही प्रश्नाला तो पुढे करता यायचा.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. अँप्लिफायरचं अर्थिंग, म्हणजे नको तो करंट जमिनीत सोडणारी जोडणी, बघितलं. जमिनीत पत्रा पुरून त्याभोवती कोळसा आणि मीठ घालतात आणि तो खड्डा ओला ठेवावा लागतो, तरच अर्थिंग काम करतं. आमचा खड्डा विटेसारखा भाजून निघाला होता. मी रोज दोन बादल्या पाणी मागितलं. सर कडाडले, "लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही जमिनीत ओतणार? लाज वाटते का?" त्यांची स्कूटर दर शनिवारी शाळेच्या हौदातल्या पाण्यानं धुतली जायची. मी ते तोंडावर बोलून दाखवलं. त्या दिवसापासून मी उद्धट ठरले.

जेवणानंतर मुलांना मी त्या खड्ड्यावर नेऊन हात धुवायला लावायला लागले. रांगेनं सगळी तिथंच. चार दिवसांत खड्डा ओला झाला. रविवारी नांदेडला जाऊन जुन्या सामानाच्या दुकानातून बाहेरचा आवाज अडवणारी, वर तारेची जाळी असलेली वायर आणली, भिंतीवरची जुनी ओढून काढली, नवी लांबी कमी करून टाकली, आणि प्रत्येक डबीत खरखर गाळणारा एक छोटा कंडेन्सर बसवला. दोन आठवडे गेले. वायरलेसचा आवाज दबला, पण बारीक खरखर राहिली. काकांनी आपल्या परीनं मदत केली. दहा ते अकरा शक्यतो बोलायचे नाहीत, निरोप लिहून ठेवून नंतर सोडायचे. साहेबांनी ते पकडलं आणि त्यांना सगळ्यांदेखत झापलं.

शनिवारी मुरुडहून पोरीची आई तिला न्यायला आली. मी तिला खरं ते सांगितलं. पोरीच्या कानात दुसराच आवाज येत होता, ती बरोबर होती, आणि मी तिला बांधून ठेवलं होतं.

बाईनं पोरीच्या कानामागं बोट फिरवून बघितलं. "घरी आली की कान दाबून दाखवायची. आमाला वाटलं कान दुखतो. कोमट तेल घातलं दर खेपेला." मग म्हणाली, "आन् आता?"

"आता कमी झालंय."

"कमी म्हंजी हाय की अजून."

 तिनं पोरीचं दप्तर उचललं आणि ती निघाली. आभार मानले नाहीत. कशाचे मानायचे?

एरियल हललं ते पुढच्या महिन्यात, आणि दोन दिवसांत हललं. साहेबांचं घर मागच्याच गल्लीत होतं. गावात टीव्ही नुकताच दिसायला लागला होता आणि साहेबांनी तो घेतला होता. रविवारचा पिक्चर बघायला घरात पाहुणे जमले, आणि काकांनी एका बंद पडलेल्या टँकरसाठी वायरलेस उचलला. पडद्यावर आडव्या रेघा. नटीचं तोंड फाटलं. सोमवारी माणसं आली, मंगळवारी पाईप उतरला आणि गावाबाहेरच्या एका गोदामावर गेला. सर पुन्हा शिडी धरून उभे होते. काका सामान बांधताना मला म्हणाले, "लेकरांचं सांगून महिना झाला, तवा कुणाला काय न्हाई. पिक्चर हालला, लगेच दुष्काळ सरला बघा."

बुधवारी साडेदहाला एकाही मुलानं हेडफोन काढला नाही. मुरुडची पोरगी मात्र पुढे कितीतरी दिवस प्रत्येक शब्दाला 'ओवर'चं शेपूट लावत राहिली.

वर्षाच्या अहवालात सरांनी लिहिलं की शाळेनं तांत्रिक अडचणींवर चिकाटीनं मात केली. फोटोत ते हेडफोन हातात धरून उभे आहेत, कानापासून चांगले वीतभर लांब. मला पुढच्या वर्षाची ऑर्डर मिळाली नाही. कारण तोंडी सांगितलं: स्वभाव. इमारतीची शिफारस मात्र त्यांना मिळाली.

मी नांदेडला परतले आणि विष्णुपुरीकडे एका प्रयोगशाळेत लागले. तिथंच केस पिकले. मुरुडला एकदा जाणं झालं, नात्यातल्या लग्नाला. ब्लाऊज उसवला म्हणून बाजारात शिवणाचं दुकान विचारत गेले, तर मशीनवर तीच पोरगी होती, आता मोठी बाई झालेली. कपाळावरून आणि रागीट नजरेवरून ओळखलं. दारात म्हातारी आई बसलेली. आईनं मला बघितलं, ओळखलं असावं, आणि तोंड रस्त्याकडे वळवलं. पोरीनं मला ओळखलं नाही. बरंच झालं. तिनं उसवलेली शिवण बघितली, धागा जुळवला आणि पाच मिनिटांत काम करून दिलं. टीप सरळ होती. कापड उलटं करून तिनं स्वतःच एकदा तपासलं, मगच माझ्या हातात दिलं.