भरतीप्रमाणे झोप

"भरती बघून सांगतो," हे आमच्या शेजारच्या काकांचं कुठल्याही आमंत्रणाला ठरलेलं उत्तर. मुंज असो, सत्यनारायण असो, नाहीतर आळीतली मीटिंग. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून भाट्याच्या खाडीवर गळ घेऊन गरवायला जाणं हा त्यांचा एकच उद्योग. मासा क्वचित लागायचा, पण भरतीची वेळ कधी चुकली नाही. असा एखादा नमुना तुमच्याही आळीत असेलच.

काकांची लेक अमेरिकेत. मागच्या खेपेला काका-काकी दोघं तिच्याकडे गेली, तेव्हा काका दिवसा घोरायचे आणि रात्री भुतासारखे घरभर फिरायचे. नात तेव्हा तीन वर्षांची. तिने नाव ठेवलं, झोपाळू आजोबा. पुढे व्हिडिओ कॉलवरही तेच. काकी हसून हसून बेजार, काकाही हसायचे. एकदा मात्र गेटपाशी मला म्हणाले, "हसतो रे मी. पण लागतं ते. पोरीने मला धड जागं असं बघितलंच नाही."

यंदा नात पहिलीत जाणार होती. पहिल्या दिवशी आजोबांनीच शाळेत सोडायचं, असं तिने ठरवून टाकलं. आणि विमान पोचणार आदल्या दिवशी! आली का पंचाईत? लेकीने फोनवर सुचवलं की निघण्याआधी दोनेक आठवडे रोज थोडं थोडं उशिरा झोपत जा, म्हणजे हळूहळू इथल्या वेळेवर याल. काका म्हणाले, एवढंच ना, भरतीसुद्धा रोज पाऊण तास उशिरा येते. त्याच दिवसापासून गृहस्थ रात्रीची भरती पूर्ण भरली की आडवे होऊ लागले.

आळीची फुकट करमणूक झाली. आधी बाराला झोपायचे, मग दोनला, मग पहाटे. शेवटी शेवटी मी बँकेत जायला स्कूटर काढायचो, तेव्हा काका जांभई देत मला "शुभ रात्री" म्हणायचे. संध्याकाळी आमच्या चहाच्या वेळेला ते अंगणात दात घासत उभे. काकींनी बजावलं होतं की मध्यरात्री भात लावायला मी काही उठणार नाही, डबा झाकून ठेवीन, हवा तेव्हा गिळा. त्या आपल्या दहाच्या ठोक्याला झोपत राहिल्या. मीही कमी नव्हतो. दात घासताना दिसले की विचारायचो, काय काका, ओहोटी लागली वाटतं?

"हस मेल्या, हस. त्या दिवशी डोळा लागला नाही म्हणजे झालं."

निघताना मात्र गाडीत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. "जमेल ना रे?" एवढंच विचारलं. या वेळी मी थट्टा केली नाही. जमणार काका, म्हटलं, आणि दिवसभर बँकेत मलाच धाकधूक.

आठवड्याने काकींचा फोन आला. काका त्या दिवशी नातीच्या आधी उठले होते. तिचा डबा भरला, हात धरून शाळेत नेलं, दुपारी आणायलाही तेच गेले. शाळेच्या दारात तिने बाईंना सांगितलं, हे माझे आजोबा. नुसतं आजोबा. घरी येऊन काका म्हणे न्हाणीघरात जाऊन रडले. "आणि मी चार दिवस नुसती झोपून," काकी म्हणाल्या. "आता मला झोपाळू आजी म्हणते कार्टी."

दिवाळीला दोघं परत येणार होती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, शेजारचं कुलूप तसंच. न राहवून मी फोन लावला.

काका म्हणाले, "अरे, येताना झोप रोज थोडी अलीकडे आणायची असते. भरती कधी अलीकडे येते का? ती येईना, तर मी कसा येऊ?"

मागून नात आजोबा, आजोबा करून त्यांना खेळायला बोलवत होती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हटलं, राहा काका, झाडांना पाणी मी घालतो.