बॉनेटवरचा हार

जगदाळेने मला फसवलं. जुनी छोटी डिझेल गाडी विकताना तिचं मरायला टेकलेलं इंजिन त्याने लपवलं.

आज दसरा. शेजाऱ्याच्या गाडीवरचा शेवंतीचा हार सकाळपासून ताजा आहे, आणि तो बघून माझं डोकं फिरलंय. गाडी घेतली त्या दिवशी जगदाळेच्या दारात तिच्या बॉनेटवर घातलेल्या हाराने आमचा चहा होईपर्यंत मान टाकली होती.

जुनी गाडी घेताना मी आधी बॉनेटवर हात ठेवतो. तापवून ठेवलेलं इंजिन कितीही खराब असलं तरी झटक्यात सुरू होतं. त्या दिवशीही हात पुढे केला, तेवढ्यात ओवाळणारी त्याची बायको म्हणाली, "भाऊ, लक्ष्मी निघालीय घरातून. हाराला हात नका लावू."

"सगळीकडे काय चाचपता?" आमची ही कुजबुजली. मी हात मागे घेतला.

टपरीपासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी धंद्यात भांडत आलो. पण जिथे माणूस भांडत नाही, तीच जागा हेरून हे लोक सुरा खुपसतात.

घाटात इंजिनाने दम सोडला. गाडी मागे घसरून कठड्यावर आदळली, हिचं मनगट मोडलं. शेजाऱ्याचा हार ओरबाडून पायाखाली चिरडावासा वाटतोय. पण फुलांचा काय दोष? त्या दिवशी तापलेल्या बॉनेटवर कोमेजून खरं फक्त त्यांनीच सांगितलं होतं.

जगदाळे, हिच्या प्लास्टरसमोर येऊन बस आणि बायकोलाही आण. ओवाळताना तिला माहीत होतं का, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.