श्री. की कै.?

दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची म्हणून आम्ही प्रेस झाडायला काढायचो, तेव्हा टाइपाच्या कपाटांखालून मूठमूठ खिळे निघायचे. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. वर्षभरात कुणाच्या ना कुणाच्या हातून सुटलेली. एखादा ‘क्ष’, एखादी वेलांटी, एखादं उद्गारचिन्ह. किश्शांचंही तसंच असतं. काम चालू असताना कुणाचं लक्ष नसतं, आणि मग कधीतरी झाडायला बसलं की हे एवढे निघतात!

परवा डोंबिवलीला विलास-सुमनकडे जेवायला गेलेलो. त्यांची लेक म्हणाली, "मास्तरकाका, आईबाबांच्या लग्नाच्या वेळचं काहीतरी सांगा ना." म्हटलं, काहीतरी कशाला? सगळंच सांगतो!

ठाण्याला नौपाड्यात एका बोळात आमची प्रेस. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालक आबा. विलास परब ट्रेडल मशीन चालवायचा, म्हणजे पायानं मारायचं छपाईचं यंत्र. सुमन नाखवा जुळणी करायची. एकेक खिळा उचलून ओळी लावायची. आणि मी मुद्रितशोधक. प्रूफ तपासायचं, चुका काढायच्या, सगळं ठीक झालं की खाली लाल शाईनं लिहायचं, ‘बिनचूक. छापावे.’ आणि सही. माझ्या सहीशिवाय त्या प्रेसमधून साधी पावतीसुद्धा बाहेर पडत नसे. गर्व म्हणा हवं तर. होताच मला!

*

एकदा कल्याणच्या एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका मशीनवर चढली होती. मी गावाहून उशिरा पोचलेलो, आणि आबांनी घाईत माझ्या सहीशिवाय काम सुरू केलेलं. मी सहज एक पत्रिका उचलली. नवऱ्या मुलाचे आजोबा वारून दहा वर्षं झालेली, आणि त्यांच्या नावामागे ‘श्री.’!

"बंद कर मशीन!" मी ओरडलो. विलासनं पाय काढला. आबा म्हणाले, "मास्तर, निम्म्या छापून झाल्यात हो."

"फेकून द्या! जिवंत कोण आणि गेलेला कोण, एवढं तरी पत्रिकेवर बरोबर नको का?"

फेकल्या. ‘कै.’ लावून पुन्हा छापल्या. पण त्या दिवसापासून माझी सुटका नाही. मी जरा उशिरा आलो की विलास मशीनवरनं विचारणार, "काय मास्तर, आज श्री. की कै.?"

*

आता हे दोघं जमले कसे, ते. विलासनं सुमनला चिठ्ठी लिहिली. रीतसर, भावना वगैरे घालून. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली. समासात प्रूफाच्या खुणा! इथे ऱ्हस्व, इथे अनुस्वार, हा शब्द दोनदा आला, हे वाक्य तोडा. आणि खाली लिहिलेलं, ‘दुरुस्त करून पुन्हा आणावे.’

बिचारा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. कान लाल. मी सगळी दुरुस्त करून दिली, फक्त भावनांना हात लावला नाही. त्यानं ती स्वच्छ अक्षरात उतरून पुन्हा दिली. संध्याकाळी परत आली. एकही खूण नाही. खाली एकच शब्द होता. ‘छापावे.’

*

सुमन ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातली. वडील ती सातवीत असतानाच गेले. आई, हिराबाई, मार्केटात मासळी विकायच्या. त्यावर तीन पोरं वाढवली, थोरलीला मॅट्रिक केलं. विलासकडचे मूळ कोकणातले, डोंबिवलीत दोन खोल्यांत राहणारे. त्याचे वडील नाना, गिरणीतले रिटायर्ड हेडक्लार्क. तेव्हा जात वेगळी म्हणजे घरात आठ दिवस अबोला! तो कसाबसा संपला आणि डोंबिवलीला बोलणी ठरली. सुमनच्या बाजूनं हिराबाई, चुलते पांडूकाका आणि आम्ही प्रेसचे.

नाना तयारीचा माणूस. समोर कागद, कागदावर मुद्दे. ‘एक, लग्न साधेपणाने’ असं करत ते एकेक वाचायला लागले. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला त्यांनी चष्मा काढून पुसला, घसा खाकरला.

सुमन समोर बसलेली. खाली मान घालून म्हणाली, "नाना, चौथा सोडून बाकी सगळे कबूल."

नानांनी कागद पाहिला, सुमनकडे पाहिलं. अहो, जी पोरगी दिवसभर उलटी अक्षरं उलट्या बाजूनं वाचते, तिच्यासमोर कागद धरलेला! चौथा मुद्दा होता, ‘मुलीने लग्नानंतर नोकरी सोडावी.’

मग नानांनी खिशातनं पेन काढलं, चौथ्यावर सरळ रेघ मारली आणि आत वळून आवाज दिला, "अगं, चहा टाक. सूनबाई वाचणाऱ्या निघाल्या!"

*

लग्नाला महिना राहिला तेव्हा विलास सुटाचं माप द्यायला गेला. सुमनही रंग बघायला बरोबर. टेलरनं उजव्या पायाचं माप घेतलं, डाव्याचं घेतलं, पुन्हा उजव्याचं घेतलं. मग टेपकडेच संशयानं बघायला लागला.

"टेप बरोबर आहे," विलास म्हणाला. "पायच वेगळे आहेत. उजवा मशीन मारतो."

अकरा वर्षं ट्रेडल मारून त्याची उजवी मांडी आणि पोटरी चांगलीच भरली होती. टेलर म्हणाला, "मग दोन्ही पाय सारखे दिसतील असं बसवतो. कापडात लपवता येतं."

तोवर कापड चाचपत असलेली सुमन वळली. "लपवायचं काय त्यात? उजवा सैल शिवा. त्या पायावर आमचं घर चालणार आहे!"

हे मला खुद्द टेलरनंच सांगितलं. माझाही सूट तोच शिवायचा. सांगताना त्याची छाती फुगली होती, जणू पोरगी त्याचीच.

*

पत्रिकेची वेळ आली. आमच्याकडे पत्रिकांचा मजकूर कायम जुळवून उभाच असायचा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून शेवटपर्यंत. फक्त नावं बदलायची. सुमननं अशी शेकड्यांनी लग्नं लावलेली. पण तिच्या पत्रिकेला आबांनी हुकूम सोडला, उभा मजकूर वापरायचा नाही. त्यांनी मुंबईहून नवेकोरे खिळे आणले, शाईचा डाग न पडलेले. वर छापायला गणपतीचा नवा ब्लॉक, म्हणजे ठसाही आणला, कारण आमच्या जुन्या गणपतीची सोंड छापून छापून झिजली होती.

सुमननं नवे खिळे कपाळाला लावले. नवा गणपती मात्र आबांच्या टेबलावर परत ठेवला.

"का गं? आवडला नाही?"

"तसं नाही आबा. पण एवढी लग्नं ह्या जुन्यानं लावली. आता माझ्याच वेळी त्याला घरी बसवायचं?"

आबा चष्मा पुसत आत गेले. बराच वेळ पुसत होते.

*

आणि मग घोडं अडलं. पत्रिकेच्या खाली निमंत्रक म्हणून नाव कुणाचं?

पांडूकाका स्वतःच्या नावाचा कागद घेऊन प्रेसमध्ये आले. "बापाच्या जागी चुलता. रीत आहे." माणूस वाईट नव्हता. पण सुमनच्या शाळेच्या फीपासून आजारपणापर्यंत सगळं त्या आईनं एकटीनं ओढलेलं, आणि पोरीला तिथं आईचंच नाव हवं होतं.

गंमत अशी, की आईच तयार नाही! "माजा नाव नको गो बाय," हिराबाई म्हणायच्या. "शुभकार्याचा कागूद. नवरा गेलेल्या बाईचा नाव कोन घालतंय तेच्यावर?"

सुमननं काही वाद घातला नाही. अर्धी जुळवलेली पत्रिका तशीच दोऱ्यानं बांधून ठेवली. "मग छापायचीच नाही," म्हणाली. लग्न तीन आठवड्यांवर. रोज सकाळी विलास त्या बांधलेल्या मजकुराकडे बघायचा आणि दुसऱ्यांच्या पत्रिका छापायला लागायचा. आठ दिवस गेले. थट्टा करायची कुणाची छाती होईना. माझीसुद्धा नाही.

शेवटी डोंबिवलीहून नाना आले आणि मला घेऊन सरळ मच्छी मार्केटात गेले. हिराबाई पाटावर सुरमई कापत होत्या. व्याही समोर बघून कोयता तिथंच थांबला.

"विहीणबाई," नाना म्हणाले, "आमच्याकडे आमंत्रण अजून पोचलं नाही."

"पांडूभाऊ देतील ना..."

"पांडूभाऊंना मी ओळखतो. भले गृहस्थ आहेत. पण माझी सून ज्या माणसानं वाढवली, त्या माणसानं बोलावलं तर मी येणार. नाहीतर तुमचं तुम्ही उरका."

आजूबाजूच्या सगळ्या बायका हातातलं टाकून बघायला लागल्या. हिराबाई पदराला हात पुसत राहिल्या. ज्यांनी कागदावर चौथा मुद्दा लिहिला होता ते हेच नाना! मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की तिथंच पाया पडलो असतो. पण खाली फार ओलं होतं.

"बरा," हिराबाई म्हणाल्या. "घाला माजा नाव. पन सुमनच्या बापासचा नाव वरती पायजे. आन छापायच्या आदी मना दाखवा."

नाना खूश. जाताना सुरमई घेतली. हिराबाईंनी शेपटीकडचा तुकडा बाजूला सारला आणि मधला दिला.

*

दुसऱ्या दिवशी हिराबाई प्रेसमध्ये आल्या. पहिल्यांदाच. मासळीची पाटी बाहेर ठेवली, पाय धुतले. आबांनी उठून आपली खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. सुमननं पहिलं प्रूफ त्यांच्यासमोर धरलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. वर, कै. नारायण दामोदर नाखवा यांची ज्येष्ठ कन्या. खाली, आपली नम्र, श्रीमती हिराबाई नारायण नाखवा. वाचताना वडिलांच्या नावामागचा ‘कै.’ तिनं तोंडातच ठेवला, हे माझ्या लक्षात आलं.

हिराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग ‘श्रीमती’वर बोट ठेवलं.

"ह्यो शबुद मना ठावा हाय. रेसनकार्डावर हाय. सुमनचा बापूस गेला, तवा हापिसातल्या मानसानी पयला शबुद खोडला आन ह्यो लिवला. मना वाचता येत नाय, पन ह्यो मी कुटं पन वलखीन. ह्यो मना नको."

त्यांचं बोट वर सरकलं, नवऱ्याच्या नावाकडे. ‘कै.’वर थांबलं.

"तेंच्या नावाला ह्यो बारका शबुद लावलास, तोच मना लाव. पोर दोघांची हाय. एकाला येक आन दुसऱ्याला येक, असा नको."

मी तोंड उघडलं. आबा एवढ्या जोरात खोकले, की मी ते मिटलं. विलास मशीनशी उभा होता, त्याचा उजवा पाय पॅडलवर तसाच राहिला.

सुमन आईकडे बघत होती. मग तिनं चिमटा उचलला. बांधलेल्या मजकुराचा दोरा सोडला. वडिलांच्या नावामागचा ‘कै.’ उचलला आणि टाइपाच्या कपाटातल्या त्याच्या खणात टाकून दिला. आईचा ‘श्रीमती’ सोडवला. नव्या टाइपातनं ‘श्री.’ काढला. दोन. एक वर बसवला, एक खाली. उरलेल्या जागेत बिनअक्षराचे कोरे खिळे भरले, दोरा बांधला, शाई फिरवली आणि प्रूफ काढून आईच्या हातात दिलं.

हिराबाईंनी एक बोट वरच्या ओळीवर ठेवलं, एक खालच्या. वर पाहिलं, खाली पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.

"आता बराबर," म्हणाल्या.

विलासनं ते प्रूफ घेतलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. त्या दिवशी त्यानं मला काही विचारलं नाही. मी लाल पेन काढलं. पत्रिका पहिल्यापासून वाचली. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं पाहिलं. दोन्ही नावं दोनदा वाचली.

मग खाली लिहिलं, ‘बिनचूक. छापावे.’ आणि सही केली.