हातात पाच पडले पाहिजेत!

गिरणीत काम करणाऱ्याच्या अंगावर रुई बसते, ती झटकली तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा साचते. पगार-हपिसातल्या गोष्टींचंही तसंच. आमची खिडकी महिन्यातून एक दिवस उघडायची, आणि त्या एका दिवसात एवढ्या गोष्टी साचायच्या की उरलेले एकोणतीस दिवस आम्ही त्या झटकत बसायचो. सोलापूर सोडून पुण्यामुंबईला गेलेले जुने सोबती अजून भेटले की म्हणतात, "ते पंतांचं सांगा की!" म्हणून सांगतो. यात जे खोटं वाटेल ते खरं आहे. जे खरं वाटेल ते मी थोडंसं सजवलेलं आहे.

* * *

दत्तोपंत आमचे हेडक्लार्क. माणसाला एक सिद्धी होती. कामगार समोर उभा राहिला की पंत त्याच्याकडे एकदा बघायचे आणि त्याच्या हातात किती पडणार ते सांगायचे. दंड, डागाळलेलं कापड, खाडे, फंड, सगळं वजा जाऊन! वही न उघडता! मी तर म्हणतो, माणूस जिना चढत असताना नुसत्या पायांच्या आवाजावरून ते आणे सांगायचे. पैवर यायला मात्र तोंड बघावं लागे.

एकदा बिरा नावाचा सांगोल्याकडचा विणकर पगार घेऊन गेला तो उड्या मारत परत आला.

"पंत, आज तुमी चुकलासा! चोवीस म्हनालासा, हितं पंचवीस हायत की!"

पंतांचा चेहरा पांढरा. त्यांनी वही ओढली, बोट फिरवलं आणि ते बोट माझ्याकडे रोखलं. बिराचा एक रुपया दंड कापायचा मी विसरलो होतो! पंतांनी शांतपणे हात पुढे केला. बिरानं तितक्याच शांतपणे रुपया परत ठेवला आणि म्हणाला,

"तुमी बरोबर हायसा पंत. पर लई म्हागात पडलासा!"

* * *

तर अशा या पंतांना पाच रुपये बढती मिळाली. ऐंशीचे पंच्याऐंशी!

त्याच वर्षी त्यांची कुसुम मॅट्रिक झालेली. पोरीला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. राहायला मावशीचं घर होतं, पण फी, पुस्तकं, कागद-शाई मिळून महिन्याला पाच रुपये लागणार होते. पंतांचा हिशेब एका ओळीत सुटला. बढतीचे पाच, ते कुसुमचे पाच. त्यांनी हपिसात पेढे वाटले.

आम्ही पेढा गिळतोय तोवर पेपरात आलं की सरकारनं इन्कम टॅक्सची मर्यादा खाली ओढली. आधी वर्षाला दोन हजारांवर कर होता, आता हजारावर!

आम्ही सगळे भराभर स्वतःच्या पगाराला बारानं गुणू लागलो. मी सुटलो. टाइमकीपर गुंडप्पा सुटला. पंत ऐंशीवर असते तर नऊशे साठ, तेही सुटले असते. पंच्याऐंशी बारे हजार वीस! बढतीनंच त्यांना कराच्या तोंडी दिलं होतं. महिन्याला सुमारे पावणेदोन रुपये जाणार. पाचातले सव्वातीन उरले.

तेवढ्यात आमचा शिपाई इमामचाचा बोलला. पगार चौदा रुपये. बारानं कशालाही गुणा, सरकार त्याच्याकडे ढुंकून बघणार नव्हतं. त्याला त्याचंच वाईट वाटलं!

"पंतसाब, हमना कायकू नै? सरकार की गिनती में हम नै क्या? एक आना लिख लो ना मेरे नाम पे!"

पंतांनी पेढ्याचा कागद चुरगाळला. "चाचा, माझं सगळं तू घे. मला फक्त एक कळतं. माझ्या हातात पाच पडले पाहिजेत."

* * *

त्या दिवसापासून पंतांनी ते वाक्य धरलं. दुसऱ्या दिवशी नवी टोपी घालून ते मॅनेजरसाहेबांपुढे उभे. साहेब पारशी, मनानं मोठा, हातानं आखडता.

"साहेब, बढती पाचाऐवजी सहा रुपये तेरा आणे करा."

"पंत, तुजा डोका फिरला काय? सहा माग, सात माग. हा तेरा आना कसला?"

"साहेब, वरचे एक रुपया तेरा आणे सरकारचे आहेत. मला त्यातली पैही नको. हातात पाच पडायचे तर एवढं मागावंच लागतं. पावणेदोन मागून भागत नाही, कारण त्या पावणेदोनावर पुन्हा कर बसतो!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सरकारला पाहिजे तर सरकार माज्याकडे अर्ज करेल! तू कशाला करते?"

झालं. टोपी खुंटीवर गेली.

* * *

मग पंत इन्कम टॅक्सच्या हपिसात गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. कशाचा साक्षीदार ते मला अजून कळलेलं नाही.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "मुलीची फी वजा मिळत नाही. आयुर्विम्याचा हप्ता भरत असाल तर त्याची सवलत मिळते."

"भरतो," पंत म्हणाले.

मी चमकलो. पंतांचा विमा? माणूस रिक्षा... छे, टांगा टाळून रोज स्टेशनापासून गिरणीपर्यंत चालणारा!

"पॉलिसीचा नंबर?"

पंतांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि खडाखड नंबर वाचला. अधिकाऱ्यानं अर्धा लिहून घेतला, मग संशय आला म्हणून कागद मागितला. तो कुसुमच्या मॅट्रिकचा निकाल होता, आणि नंबर तिच्या परीक्षेचा!

"अहो, हे काय?"

"माझा विमा हाच. दरमहा पाच रुपये हप्ता. माझ्यानंतर घर हीच चालवणार आहे. तुमच्या त्या कंपनीनं याहून वेगळं काय केलं असतं?"

अधिकारी खूप हसला. चहा मागवला. कर तेवढाच राहिला.

* * *

आता मधे माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा पगार बासष्ट. घरी मात्र मी एकसष्ट द्यायचो. सरस्वतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगून ठेवलं होतं की दरमहा एक रुपया दिल्लीचा कर कापला जातो. त्या रुपयात माझं नाटक, भजी आणि विड्या भागायच्या. ही युक्ती मी गुंडप्पालाही दिली. तो अक्कलकोटचा, निम्मं कानडी बोलणारा, भित्रा माणूस.

"दिल्ली नको री," तो म्हणाला. "लई लांब. बायको विचारंल, रुपया एवढ्या लांब कोण नेतंय?"

मग मी त्याला म्युनिसिपालिटीचा रस्तेकर लावून दिला. महिना बारा आणे. म्युनिसिपालिटी त्याच्या बायकोनं बघितलेली होती, त्यामुळे विश्वास बसला. गुंडप्पा त्यात कुस्त्या बघायचा. वर घरी येऊन रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बायकोबरोबर कुरकुर करायचा. "एवढा कर भरतोय आपण!"

* * *

एका रविवारी मी पंतांकडे कागद द्यायला गेलो. पंत घरी नव्हते. इंदिरावहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"भावजी, बसा. एक हिशेब सांगा. तुमचा पगार बासष्ट ना? बासष्ट बारे?"

"सातशे चव्वेचाळीस," मी ऐटीत म्हणालो.

"आणि कर हजारावर?"

तेव्हा कळलं की पाय चिखलात घोट्यापर्यंत गेलाय.

"सरस्वती म्हणत होती, तुमच्याकडे दरमहा रुपया कापतात. मर्यादा दोन हजार होती तेव्हापासून! दिल्लीकरांचा तुमच्यावर एवढा जीव का हो?"

"वहिनी, ते असं आहे की..."

"असं काही नाही. आमच्या कुसुमला पावणेदोन कमी पडतात. एक रुपया तुमचा. बारा आणे त्या गुंडप्पांचे. त्यांच्या बायकोला मी नळावर विचारलं, रस्तेकर किती म्हणून. पगाराच्या दिवशी संध्याकाळी आणून द्यायचे. मी सरस्वतीला एक शब्द बोलणार नाही."

"पण वहिनी, वर्षभर?"

"दोन वर्षं. कोर्स दोन वर्षांचा आहे."

मी उठलो. दारात वहिनी म्हणाल्या, "आणि भावजी, ह्यांना सांगू नका. त्यांना दुसऱ्याचे पैसे चालत नाहीत. मी सांगेन, घरखर्चातून काढले."

* * *

कुसुम पुण्याला गेली. पंतांनी स्टेशनावर तिच्या हातात मोजून पाच रुपये ठेवले. गाडी हलली, तरी ते प्लॅटफॉर्मवर पाच बोटं पसरून उभे होते.

पुढची दोन वर्षं मी आणि गुंडप्पानं नेमानं कर भरला. दिल्लीनं कधी वेळेवर वसूल केला नसेल एवढा वेळेवर! एकदा गुंडप्पा आठ आणे घेऊन गेला, म्हणाला या महिन्यात अडचण आहे. वहिनींनी त्याला फक्त विचारलं, "मग नळावर जाऊ?" तो चार आणे उसने घ्यायला पळत माझ्याकडे आला. कुस्त्या सुटल्या, नाटकं सुटली. विड्या मी निम्म्या तोडून ओढू लागलो.

आणि पंत? त्यांची सिद्धी तिथं अडली. बाराशे कामगारांच्या हातात किती पडेल ते सांगणारा माणूस स्वतःच्या घरात थकला. रोज दुपारच्या डब्याला आमच्यासमोर बोटं मोडायचे.

"दूध तेवढंच. तेल तेवढंच. घरखर्चातून फार तर चार आणे निघतील. ही पावणेदोन काढते कुठून? माझ्या बायकोचा आकडा मला लागत नाही रे!"

गुंडप्पा घास तोंडात धरून माझ्याकडे बघायचा. मी लोणच्याकडे बघायचो.

* * *

कुसुम पास झाल्याची तार आली तो पगाराचाच दिवस होता. पंत खिडकी उघडी टाकून घरी पळाले. नोकरीत पहिल्यांदा! संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे रुपया घेऊन गेलो, तर वहिनींनी तो माझ्या मुठीत परत दाबला. डोळे भरलेले.

"संपलं भावजी. कर माफ."

दोन वर्षांनी तो रुपया माझा झाला होता! मी नाटकाची जाहिरात वाचत, शीळ घालत घरी आलो. सरस्वती दारातच उभी होती. मी एकसष्ट मोजून दिले. तिनं मोजून घेतले आणि हात तसाच पुढे ठेवला.

"कुसुम पास झाली ना? मग आता तो बासष्टावा इकडं द्या."

"क... कुठला? तुला इंदिरावहिनींनी सांगितलं?"

"इंदी मला काय सांगणार!" सरस्वती म्हणाली. "अक्कलकोटच्या शाळेत माझ्याशेजारी बसायची ती. तिची गणितं तेव्हाही मीच सोडवून देत होते."