एका बटणाचं ॲप

गेल्या मंगळवारी तंजावूरला माझ्या शेजाऱ्याने त्याच्या आत्याच्या फोनवरून स्वतःच बनवलेलं ॲप काढून टाकलं. आत्या घरात मराठी बोलते, पण तिला अक्षरं येतात ती फक्त तमिळ. ॲपचं एकुलतं बटण दाबून मराठीत बोललं की ते तमिळ अक्षरांत उमटे आणि तिच्या चेन्नईतल्या मुलीला निरोप जाई. पुढे त्याने ते सगळ्यांना सुधारायला खुलं केलं. अनोळखी लोक बटणं जोडत गेले. तो मान डोलावत, "बरं आहे की," म्हणत प्रत्येक बटण घेत गेला. एक मीही मागितलं होतं.

"अय्यो, बोलू कुठल्या बटणात रे?" मंगळवारी आत्याने विचारलं.

"थोडी बटणं काढ ना," मी त्याला म्हटलं.

"घरी आलेला डबा कुणी परत पाठवतं का?" तो म्हणाला आणि तिच्या फोनवरून ॲपच काढलं.

काल त्याने आणखी एक बटण घेतलं. चेन्नईतल्या मुलीला आत्या आता फक्त अंगठ्याचं चित्र पाठवते.