सांजोऱ्यांचं मातीचं घर

माझ्या हातचा मातीचा लाडू खऱ्या लाडवांच्या ताटात ठेवला, तर कोणाला ओळखू यायचा नाही. माशीला मात्र लगेच ओळखू यायचा.

तर मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं. त्यावर घर. भिंती बिस्किटाच्या, वर रंगीत गोड गोळ्या चिकटवलेल्या.

मी म्हटलं, "सिस्टर, हाई घर ते उंदरं एक रातमा खाई टाकतीन."

"खायलाच बनवतात ते, भाऊ. नाताळात. मला मातीचं पाहिजे."

वॉर्डात धानोऱ्याची कमळी होती. टायफाईड. तेव्हा अशा पेशंटला नुसती पातळ पेज देत. पोरगी गोड मागायची आणि पेजेला तोंड उघडायची नाही. डॉक्टर बोलले होते, पोटात पेज गेली नाही तर पोरगी हाती लागणार नाही. सिस्टरला वाटलं, घर बघून तरी तिचं मन रमेल.

"छपरावर कापूस कोणी वाळत घातला?" मी विचारलं.

"बर्फ आहे तो."

बर्फ मी फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेला. म्हणून छपरावर चुन्याचे गोळेच बसवले.

बारीक कामाला माती फडक्यातून गाळावी लागते, सावलीत वाळवावी लागते. मी घाईत ओलसरच आव्यात ठेवली. आवा म्हणजे आमची भट्टी. पहिलं घर फुटलं. दुसरं नीट निघालं. बिस्किटं मी कधी खाल्ली नव्हती, म्हणून भिंतीला जिलब्या आणि सांजोऱ्या लावल्या.

घर खाटेवर ठेवलं. सगळा वॉर्ड जमला. मी कमरेवर हात ठेवून उभा, कोणी वा म्हणतं का म्हणून. कमळीने दारातून आत डोकावलं.

"चूल कोठे शे?"

"हाई सायबास्नं घर शे, बेटा. चूल ऱ्हास नई."

"मंग सांजोऱ्या कोठे तळतस?"

वॉर्ड हसला. तिचा बाप पण हसला, पेजेची वाटी हातात धरून. माझ्याकडे तडे बुजवायला आणलेली ओली माती होती. तिथंच बसून चूल थापली. कमळीने एक सांजोरी काढून चुलीवर धरली आणि थेट माझ्या तोंडापुढे आणली. एवढा बाप्या माणूस मी, सगळ्यांसमोर खोटं खोटं चावत बसलो.

"आते तुन्ही पाळी," मी म्हटलं. बापाने वाटी पुढे केली. ती प्यायली. घोट घोट, पण सगळी.

सिस्टरने तोंड फिरवून डोळे पुसले. पोरगी पुढे बरी होऊन घरी गेली. तेव्हापासून कोणाचंही घर बनवायचं तर मी आधी चूल बनवतो.

त्या दिवशी मात्र मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. म्हणून विचारलं, "चूल कशी शे, माय?"

कमळीने बोटाने चूल दाबून बघितली.

"वली शे. तू कुंभार शेस का कोन शेस?"